एका जुन्या नियमाची किंमत

४ जून १९९६ रोजीं फ्रेंच गियानांतील कुरू येथून युरोपचा एरियन-५ हा नवा अग्निबाण प्रथमच आकाशांत झेपावला. सुमारें ४० सेकंदांतच तो मार्ग सोडून एकाएकीं वळला आणि चार उपग्रहांसह नष्ट झाला.

झाक-लुई लियों यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी मंडळास या अनर्थाचें मूळ एका जुन्या नियमांत आढळलें. वेग व दिशा मोजणाऱ्या संगणकाची आज्ञावली एडा भाषेंत होती व ती एरियन-४ वरून घेतलेली होती. नव्या बाणाचा आडवा वेग अधिक. त्यामुळें एक आंकडा १६ बिटांच्या जागेंत मावेना. अशा अकल्पित प्रसंगास संगणकशास्त्रांत ‘अपवाद’ म्हणतात. अपवाद घडतांच संगणकानें त्याची नोंद करून थांबावें, असा लेखी नियम होता.

हा नियम अविचाराचा नव्हता. एक यंत्र अकस्मात् बिघडलें, तर दुसऱ्यानें कार्य चालवावें, ही त्यामागील कल्पना. परंतु येथें यंत्र निर्दोष होतें. दोष आज्ञावलींत होता आणि दोन्ही संगणकांत आज्ञावली एकच! राखीव संगणक क्षणार्धापूर्वीं थांबला होता. पाठोपाठ दुसराहि थांबला. त्याची दोषनोंद मुख्य संगणकानें उड्डाणाची माहिती समजून बाण वळविला. विशेष हें कीं, ज्या गणितांत आंकडा अडला, त्याचा एरियन-५ ला उड्डाणानंतर कांहींच उपयोग नव्हता.

मंडळानें पुढें शिफारस केली ती नेमकी उलट: मापक यंत्रानें शक्य तितकी चांगली माहिती पाठवीत राहावें, थांबूं नये.