कर्णा, घुमट आणि तंबोरा

न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली ती १८७५ साली. त्या काळच्या वक्त्याला विद्वत्तेइतकाच खणखणीत गळाही लागे, कारण आवाज मोठा करून देणारे यंत्र जगात कोठेच नव्हते. गळ्यातून निघणारे स्वर दूरवर जातात. परंतु स, श, च, ट ही व्यंजने वाटेतच विरतात. ‘सार’ की ‘चार’ असा संशय शेवटच्या रांगेतल्या गृहस्थाला येतो तो यामुळेच. स्वरांचा भार सेकंदाला काही शे कंपनांवर असतो, तर या व्यंजनांची ओळख दोन हजारांपासून आठ हजार कंपनांपर्यंतच्या बारीक आवाजात दडलेली असते. हा बारीक आवाज नीट पोचविण्यासाठी लाऊडस्पीकरच्या पेटीत जो लहानसा भाग बसवितात, त्याला ट्वीटर म्हणतात. पाखराच्या चिवचिवाटावरून त्याचे हे नाव पडले. त्याच्या निरनिराळ्या जातींच्या आवाजाची तुलना हा कारागिरांचा विषय वाटेल. परंतु ज्या नगरात व्याख्यान आणि गाणे या दोन्हींचे व्यसन आहे, तेथे तो श्रोत्यांचाच विषय आहे, असे आम्हांस वाटते.

आवाज मोठा करणारा कर्णा अमेरिकेत १९१५ साली जेन्सन आणि प्रिडहॅम या दोघांनी लोकांपुढे आणला. १९१९ साली अध्यक्ष विल्सन यांनी सान दिएगो येथे हजारोंच्या सभेत त्यातून भाषण केले. त्याच सुमारास आपले लोकमान्य स्वतःच्या गळ्यावर सभा जिंकीत होते. पुढे १९२५ साली राइस आणि केलॉग यांनी कागदी शंकूचा लाऊडस्पीकर सिद्ध केला, आणि त्याचबरोबर एक अडचण उघड झाली. खर्जासाठी पडदा मोठा हवा, कारण त्याला पुष्कळ हवा ढकलायची असते. परंतु मोठा पडदा जड असतो, तो सेकंदाला दहा हजार वेळा हलू म्हटले तर हलत नाही. ढोल वाजविणाऱ्या हाताने मंजिरी वाजवावी, तसा हा प्रकार. तेव्हा काम वाटून देणे आले. बेल प्रयोगशाळेतील बॉस्टविक यांनी १९३० च्या सुमारास केवळ बारीक आवाजासाठी लहान कर्णा तयार केला. ट्वीटरचा वंश येथून वाढीस लागला.

याच वर्षांत आपल्याकडे बोलपट अवतरला. प्रभात कंपनीने कोल्हापुरात १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ काढला, १९३३ साली ती पुण्यास आली आणि १९३६ साली तिचा ‘संत तुकाराम’ झळकला. त्याच १९३६ साली हॉलिवुडमध्ये डग्लस शिअरर आणि जॉन हिलिअर्ड यांचा दुहेरी कर्णा चित्रगृहांसाठी पुढे आला. त्याआधीच्या एका रचनेत खर्जाच्या कर्ण्याची वाट लांब आणि बारीक आवाजाच्या कर्ण्याची आखूड होती. परिणामी नर्तकीच्या पायाचा एकच ठोका दोनदा ऐकू येई. दोन वाटांमधील हा फरक काढून टाकावा लागला. तबल्याची चाट आणि बाँयाचा घुमारा एका क्षणी न पोचता मागेपुढे पोचले, तर लयीचे काय होईल हे पुणेकरांस सांगावयास नको. म्हणून पहिला धडा असा की, ट्वीटर एकटा चांगला असून भागत नाही. त्याचे थोरल्या भावाशी पाऊल जुळले पाहिजे.

आता जातींकडे वळू. कर्ण्याच्या जातीचा ट्वीटर थोड्या विजेत पुष्कळ आवाज देतो. साध्या शंकूतून विजेचा शेकडा एक-दोन भागच आवाज होऊन बाहेर पडतो. कर्णा त्याच्या दसपटही देऊ शकतो. मोठ्या चित्रगृहांत तो टिकला याचे रहस्य हेच. परंतु त्याचा आवाज एका दिशेला रोखलेला असतो आणि कर्णा ओबडधोबड असला तर भोंग्यातून बोलल्यासारखी छटा येते. समोर बसलेल्याला तो बोचतो, कडेच्याला अपुरा पडतो.

दुसरी जात फितीची. शॉट्की आणि गेर्लाख या जर्मन शास्त्रज्ञांनी १९२४ च्या सुमारास ती पुढे आणली. ॲल्युमिनियमची अतिपातळ फीत लोहचुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये टांगायची आणि तिच्यातूनच वीज सोडायची. वेटोळे तीच, पडदाही तीच. वजन नगण्य, म्हणून तारेचा सूक्ष्म झणत्कार ती विलक्षण स्वच्छ देते. पण जात नाजूक. जोराचा आवाज तिला सोसत नाही. तिच्या जवळचीच जात स्थिरविद्युतीची. पीटर वॉकर यांनी १९५७ साली इंग्लंडात विक्रीस आणलेल्या लाऊडस्पीकरमध्ये सच्छिद्र पत्र्यांमध्ये पातळ पापुद्रा ताणून त्याला हजारो व्होल्टचा दाब दिला होता. मानवी कंठ त्यातून इतका स्वाभाविक येतो की आजही जाणकार त्याचे नाव आदराने घेतात. मात्र मंडपभर ऐकू जाईल असे बळ त्याला नाही.

तिसरी जात घुमटाची. एडगर व्हिल्चर यांच्या कंपनीने १९५८ च्या सुमारास ती घरोघरच्या पेट्यांत आणली. इंचभर रुंदीचा हा लहानसा घुमट आवाज चहूकडे सारखा पसरवितो. खोलीत कोठेही बसा, फारसा भेद होत नाही. रेशमाचा घुमट मऊ आणि धातूचा टणटणीत, असे सर्रास म्हणतात. वस्तुतः धातूच्या चांगल्या घुमटाचा स्वतःचा झणत्कार बहुधा वीस हजार कंपनांच्या पलीकडे, म्हणजे कानाच्या आवाक्याबाहेर असतो. जो भेद ऐकू येतो तो पुष्कळदा जोडणीचा असतो. चौथी जात स्फटिकाची. ती १९७० नंतर फोफावली. ती अतिशय स्वस्त असून काटकही आहे, परंतु तिचा आवाज बहुधा कर्कश.

मग श्रेष्ठ कोणती? तुलनेला माप लागते, आणि आमच्या मते ते माप आपल्या घरात आहे. तो तंबोरा होय. घोडीच्या सपाटीवर तारेखाली सुताचा जीव बसला की एका षड्जातून अनेक स्वयंभू स्वर फुलतात. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली याच घोडीचा अभ्यास करून दाखविले की, पाश्चात्त्यांचा तारेविषयीचा नियम येथे लागू पडत नाही. ज्या अब्दुल करीम खाँसाहेबांनी १९१३ साली पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले, त्यांच्या किराणा परंपरेची सारी साधना या जवारीवर उभी आहे. वाईट ट्वीटर जवारीची शीळ करतो किंवा तिला गोधडीत गुंडाळतो. चांगला ट्वीटर, मग तो कोणत्याही जातीचा असो, ती उमलू देतो. परीक्षा करताना मात्र दोन्ही पेट्या पडद्याआड ठेवाव्या आणि दोहोंचा आवाज सारखा करून घ्यावा. किंचित मोठा वाजणारा नेहमीच गोड वाटतो, हा कानाचा जुना भ्रम आहे.

शेवटी एक कडू गोष्ट. ट्वीटरची शेवटची कडी पेटीत नसून आपल्या कानात आहे. वयाबरोबर बारीक आवाज प्रथम मावळतात. परंतु गोंगाटाने होणारे बहिरेपण वयाची वाट पाहत नाही. ते बहुधा चार हजार कंपनांच्या आसपास आरंभते, म्हणजे नेमके व्यंजनांच्या वस्तीत. गणेश विसर्जनाच्या मिरवणुकीत येथील अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी लक्ष्मी रस्त्यावर केलेल्या मोजणीत आकडा अनेकदा शंभर डेसिबलच्या पुढे गेला आहे. आणि २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसाची मर्यादा पंचावन्न डेसिबलची आहे. भिंतीसारख्या रचलेल्या त्या पेट्यांपुढे जो मुलगा दहा तास नाचला, त्याला उद्या फितीचा आणि स्फटिकाचा भेद कोणी समजावून सांगावा? तंबोऱ्याची जवारी त्याच्यापुरती कायमची मुकी होण्याचा संभव आहे.

१८७५ साली शेवटच्या रांगेला ऐकू जात नव्हते, कारण यंत्र नव्हते. आज उत्तमोत्तम यंत्र आहे. ऐकणारा कान शाबूत ठेवणे एवढेच आपल्याकडे उरले आहे, आणि ते काम कोणताही कारखाना आपल्यासाठी करून देणार नाही.