शिराझ : नाशिकच्या लाल वाईनचं द्राक्ष, त्याची चव आणि बागेचं गणित

नाशिक : दिंडोरी, निफाड भागात द्राक्षबाग कुणाला नवी नाही. पण रस्त्याकडेच्या सगळ्याच बागा खायच्या द्राक्षाच्या नसतात. काही ठिकाणी घड लहान, मणी बारीक आणि काळेभोर दिसतात. ही वाईनची द्राक्षं. लाल वाईनसाठी आपल्याकडे शिराझ, कॅबर्ने सोव्हिन्यॉ, झिनफंडेल या जाती लावतात. त्यातली शिराझ नाशिकला चांगली मानवली आहे.

मूळ कुठलं?
शिराझ मूळची फ्रान्समधल्या ऱ्होन नदीच्या खोऱ्यातली. तिकडे तिला सिराह म्हणतात, शिराझ हे नाव ऑस्ट्रेलियात रूढ झालं. इराणमध्ये शिराझ नावाचं शहर आहे, पण जात तिथली नाही. डीएनए तपासणीत तिच्या दोन्ही मूळ जाती फ्रान्सच्याच निघाल्या.

रंग आणि चव
शिराझचा मणी चिरडून पाहिला तर गर पांढराच असतो. रंग असतो सालीत. म्हणून लाल वाईन करताना साल आणि बियांसकट रस टाकीत आंबवतात. साल वर तरंगते, ती दिवसातून दोन-तीन वेळा रसात दाबतात. त्यातून रंग आणि तुरटपणा उतरतो. पांढऱ्या वाईनमध्ये साल आधीच बाजूला काढतात.
शिराझची वाईन गडद जांभळी असते. चवीला पिकल्या जांभळाची आठवण होते, मागून मिऱ्याचा झणका येतो. साखरेचं अल्कोहोल झालेलं असल्यामुळे ती गोड लागत नाही.

नाशिकच का?
नाशिकचा द्राक्षपट्टा समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंचीवर आहे. हिवाळ्यात दिवसा कडक ऊन आणि रात्री गारठा पडतो. उन्हामुळे साखर भरते, गारठ्यामुळे आंबटपणा टिकतो. वाईनला दोन्ही लागतं. जमीन निचऱ्याची, मुरमाड असेल तर वेल माजत नाही.
युरोपात थंडीत वेल झोपतो आणि काढणी सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास होते. आपल्याकडे वेल झोपत नाही. म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी, पावसाळ्यानंतर फळ छाटणी आणि जानेवारी ते मार्चमध्ये काढणी. 'नाशिक व्हॅली वाईन'ला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे.

शेतकऱ्यासाठी फरक
खायच्या द्राक्षाला मणी फुगवावा लागतो. इथं उलट. मणी लहान असला की रसाच्या मानानं साल जास्त, म्हणून रंग आणि चव दाट. वेलीवर माल जास्त धरला तर साखर भरत नाही, रंग फिका पडतो. म्हणून माल मोजकाच ठेवतात, वजन कमी निघतं. लाल वाईनसाठी साखर साधारण २२ ते २४ ब्रिक्स लागते. काढणीच्या तोंडावर पाऊस झाला तर ब्रिक्स उतरतो.
मोठी जोखीम विक्रीची आहे. थॉमसनचा माल व्यापाऱ्यानं नाकारला तर बेदाणा करता येतो. शिराझला बिया असतात आणि साल जाड, त्यामुळे बाजारात कुणी घेत नाही, बेदाणाही होत नाही. गिऱ्हाईक एकच, वायनरी. २००१ च्या राज्य धोरणानंतर वायनऱ्या वाढल्या, बागाही वाढल्या. २००८ नंतरच्या मंदीत उठाव थांबला आणि अनेकांना बागा तोडाव्या लागल्या.

लागवडीआधी लेखी ठरवा
- करार किती वर्षांचा, दर किती ब्रिक्सला किती
- एकरी किती टन घेणार, जास्तीच्या मालाचं काय
- पावसानं ब्रिक्स उतरला तर माल घेणार का, कोणत्या दरानं
- काढणी आणि वाहतुकीचा खर्च कुणाचा
- पैसे किती दिवसांत

बाग उभी राहायला दोन-तीन वर्षं आणि मोठा खर्च लागतो. म्हणून रोपं आणण्याआधी कराराचा कागद हातात हवा.