काडीमोड, न्यायालय आणि अपत्याचा ताबा : मावळच्या संदर्भात एक टिपण

विवाहविच्छेदाचा हक्क हिंदू स्त्रीस पूर्वी नव्हता व तो कायद्याने दिला, अशी मांडणी सामान्यतः केली जाते. दख्खनच्या बाबतीत ती अपुरी आहे. आर्थर स्टील यांनी १८२७ साली प्रसिद्ध केलेल्या रीतिरिवाजांच्या संकलनावरून येथील अनेक जातींत सोडचिठ्ठी व पाट रूढ असल्याचे दिसते. हक्काच्या अस्तित्वाइतकाच, निवाडा कोणी करावयाचा, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. खंडाळ्यासारख्या घाटमाथ्यावरील गावाच्या दृष्टीने तर तो विशेष महत्त्वाचा ठरतो.

मुंबई उच्च न्यायालयाने १८७६ साली शंभू रघू प्रकरणात विवाह रद्द ठरविण्याचा अथवा स्त्रीस पुनर्विवाहाची अनुज्ञा देण्याचा जातीचा अधिकार अमान्य केला. पंचांपुढे स्वतःच्या बोलीत मांडता येणारी तक्रार न्यायालयात न्यावयाची, तर वकील व पैसा दोन्ही आवश्यक झाले. रखमाबाईंच्या खटल्यात (१८८४-८८) याचा प्रत्यय येतो. काशिनाथ त्रिंबक तेलंग यांच्यासारखे विधिज्ञ त्यांच्या बाजूने उभे राहिले, त्यांच्यासाठी संरक्षण समितीही निघाली. तरीही १८८७ साली पतीकडे नांदावयास जाणे अथवा सहा महिन्यांचा कारावास, असाच आदेश झाला. अखेर १८८८ साली दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. एवढे साह्य लाभणाऱ्या स्त्रिया अपवादात्मकच होत्या.

मुंबई प्रांताने १९४७ साली हिंदू विवाहविच्छेद कायदा केला. त्यात चार वर्षांचा परित्याग हे एक कारण होते. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने रूढीनुसार होणारी काडीमोडही राखून ठेवली. मात्र अशी रूढी सिद्ध करण्याचा भार ती सांगणाऱ्यावर असतो. केवळ कागदावर सोडचिठ्ठी लिहून घेणाऱ्या पक्षास याची जाणीव पुष्कळदा उशिरा होते.

अपत्याचा विचार याहून मंदगतीने झाला. पिता हाच नैसर्गिक पालक, हे तत्त्व दीर्घकाळ प्रभावी होते. वेद प्रकरणातील, १९४१ साली वृत्तान्तित झालेल्या निर्णयात मात्र मुंबई उच्च न्यायालयाने पित्याचे वा मातेचे नव्हे, तर अज्ञान मुलाचेच हित सर्वोपरी मानले. १९५६ च्या पालकत्वविषयक कायद्याने हे तत्त्व स्वीकारले व पाच वर्षांखालील मुलाचा ताबा सामान्यतः मातेकडे ठेवला. पालकत्वात तिचे स्थान मात्र पित्यानंतरचे राहिले. त्या ‘नंतर’चा अर्थ केवळ ‘पित्याच्या मृत्यूनंतर’ असा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने गीता हरिहरन प्रकरणात १९९९ साली स्पष्ट केले.

न्यायालयाच्या अंतराचा प्रश्न सर्वांत शेवटी हाती घेतला गेला. २००३ च्या दुरुस्तीने पत्नीस स्वतःच्या निवासस्थानाच्या न्यायालयात अर्ज करण्याची मुभा मिळाली. सासर दूर असले, तरी खंडाळ्यास माहेरी परतलेल्या स्त्रीस आता तेथे खेटे घालावे लागत नाहीत. पालकत्वाच्या १८९० च्या कायद्यातही मूल सामान्यतः जेथे राहते, तेथील न्यायालयाचाच अधिकार आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याची अंमलबजावणी १९९५ साली सुरू झाली. त्यान्वये स्त्रिया व बालके यांस, उत्पन्न कितीही असले तरी, विनामूल्य साह्य मिळू शकते आणि त्यासाठी तालुका पातळीवर समित्यांची योजना आहे.

पंचांकडून न्यायालयाकडे निवाडा गेला त्यास जवळजवळ सव्वाशे वर्षे झाल्यावर वकिलाचे साह्य हा गरीब स्त्रीचा विधिसिद्ध हक्क झाला. वैवाहिक कायद्याचा इतिहास केवळ अधिनियमांच्या क्रमाने न लिहिता या कालखंडातील साह्याच्या अभावासह लिहिला जाणे इष्ट होय. त्यासाठी तालुका न्यायालयांची दप्तरे अभ्यासली पाहिजेत.