मार्जाराचा शेजारधर्म

सोलापूर शहरात मराठी, कानडी, तेलुगू आणि दखनी उर्दू अशा चार भाषा शेजारीशेजारी नांदतात. ह्या चारही भाषांच्या घरी राजरोस भोजन करणारा प्राणी एकच, आणि तो म्हणजे गल्लीतले मांजर. मराठी घरी ते मांजर, कानडी घरी बेक्कू, पद्मशाली विणकरांच्या तेलुगू घरी पिल्ली आणि दखनी घरी बिल्ली. हाक कोणत्याही भाषेत येवो, ताटली जमिनीवर ठेवल्याचा आवाज त्यास सारखाच समजतो. कोणत्याही एका घरास ते धनी मानीत नाही आणि कोणत्याही घरचे दूध परके समजत नाही. कुत्रा माणसाचा चाकर झाला, बैल गडी झाला. मांजर मात्र शेजारी झाले. ह्या शेजारधर्माचा इतिहास मांजराच्या रोजच्या गमतीदार सवयींत साठलेला आहे.

त्या इतिहासाचा आरंभ धान्याच्या कणगीपाशी होतो. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी पश्चिम आशियात मनुष्य शेती करून धान्य साठवू लागला. धान्यामागून उंदीर आले आणि उंदरांमागून रानमांजर आले. त्यास कोणी दावे लावून आणले नाही. ते आपल्या पायांनी आले आणि सोय पाहून राहिले. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका दफनात मनुष्याच्या सांगाड्याजवळ मांजराचा सांगाडा मिळाला. त्या बेटावर मूळची मांजरे नव्हती. तेव्हा कोणीतरी त्यास नावेतून बरोबर नेले असले पाहिजे. सिंधू संस्कृतीतील पुरावा ह्याहून विनोदी आहे. १९३५-३६ साली अर्नेस्ट मॅके ह्यांनी सिंधमधील चन्हुदडो येथे उत्खनन केले, तेव्हा त्यांस एक वीट सापडली. ती ओली असताना तीवरून एक मांजर पळाले होते आणि त्याच्या मागोमाग एक कुत्रा; दोघांच्या पावलांचे ठसे तीत उमटले होते. चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची ती धावपळ आजही कोणत्याही बोळात पाहावयास मिळते!

मांजराचे संस्कृत नावच त्याच्या एका सवयीवरून पडले आहे. ‘मृज्’ म्हणजे पुसणे, स्वच्छ करणे. त्यावरून ‘मार्जार’, म्हणजे सदा अंग पुसणारा, आणि मार्जारापासून आपले मांजर. जेवण झाले की एका कडेस बसावे, पंजा चाटून त्याने तोंड पुसावे, मग कान, मग पाठ, हा क्रम सहसा चुकत नाही. पाहणारास ही टापटीप वाटते. परंतु ती शिकाऱ्याची सावधगिरी आहे. अंगास लागलेले रक्त आणि वास जिभेच्या बारीक काट्यांनी निघून जातो, आणि उन्हाळ्यात ओल्या केसांमुळे अंगही थंड राहते. विष्ठा मातीने झाकण्यामागेही आपला माग झाकण्याची तीच उपजत बुद्धी दिसते. सोलापूरच्या वैशाखात ते दिवसभर पाण्याच्या माठाखाली पसरलेले दिसते, म्हणून त्यास आळशी म्हणू नये. क्षणभराच्या झडपेसाठी दिवसभराची शक्ती राखून ठेवणे हाच त्याचा व्यवसाय. विणकराच्या घरी कांड्या भरण्याचे काम चालले असता मांजराचे पिलू सुताच्या टोकावर झेप घेते व घटकाभरात गुंता करून ठेवते. तेथेही त्यास सूत दिसत नसून पळती शेपटी दिसत असते.

स्वयंपाकघरात मात्र ह्या शिकाऱ्याची कीर्ती चोराची आहे. त्याच्यापासून दूधदुभते वाचावे म्हणून आपल्या आज्यांनी आढ्यास शिंकी टांगली, आणि शिंक्याचे तुटले नि बोक्याचे साधले ही म्हणही त्यांनीच करून ठेवली. मौज अशी, की ज्या दुधासाठी ही सारी दुष्कीर्ती, ते वाढत्या वयात पुष्कळशा मांजरांस नीट पचत नाही. शिवाय गोड चव मांजरास कळतच नाही, असे २००५ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. तेव्हा बासुंदीच्या भांड्याशी सापडलेल्या बोक्यावर साखरेच्या लोभाचा आरोप तरी ठेवता येणार नाही. त्याचे लक्ष सायीवर असते.

डोळे मिटून स्वस्थ बसण्याची सवय आपल्या पूर्वजांच्या नजरेतून सुटली नाही. महाभारताच्या उद्योगपर्वात दुर्योधन युधिष्ठिरास निरोप धाडतो, त्यात गंगातीरी हात वर करून तप करणाऱ्या मांजराची कथा आहे. उंदीर विश्वासाने त्याच्या आश्रयास येतात आणि तापसाचे अंग दिवसेंदिवस भरत जाते. पंचतंत्रात ससा आणि तित्तिर आपला तंटा अशाच एका साधूकडे नेतात व दोघेही त्याच्या पोटात जातात. मनुस्मृतीने तर दांभिकास ‘बैडालव्रतिक’ हे नावच दिले. महाबलीपुरम येथील सातव्या शतकातील भव्य शिल्पपटावरही एक मांजर एका पायावर उभे आहे आणि भोवती उंदीर जमले आहेत. बिचारे मांजर दबा धरून बसले होते. त्यास भोंदू ठरविले ते माणसाने, कारण तशा साधूंची ओळख माणसासच अधिक होती.

परंतु त्याच माणसाने मांजरीच्या दुसऱ्या एका सवयीत परमेश्वराची कृपा पाहिली. मांजरी आपली पिले सात घरे फिरविते अशी आपल्याकडे समजूत आहे. मानगुटीस धरून ती पिलास नेते, तेव्हा पिलू हातपाय सैल सोडून निश्चिंत लोंबत राहते. माकडाच्या पिलाचे तसे नाही. आईच्या पोटास त्याने स्वतः घट्ट धरावे लागते. तामिळ देशातील श्रीवैष्णवांत ह्यावरून दोन पक्ष ओळखले जाऊ लागले. भक्ताने देवास घट्ट धरावे, हा मर्कटकिशोरन्याय. देवच भक्तास उचलून नेतो, हा मार्जारकिशोरन्याय. मोक्षासारख्या गहन विषयाचा दाखला अडगळीच्या खोलीतून मिळाला, ह्यात नवल असले तरी कमीपणा नाही.

ह्या करमणुकीच्या प्राण्याकडे माणसास एकदा प्राणांच्या भीतीने पाहावे लागले. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि रेल्वेमार्गाने देशभर पसरला. सोलापुरासही त्याची झळ लागली. सोलापूर म्हणजे ज्वारीचा मुलूख. पेवांत आणि वखारींत धान्य, आणि धान्यापाशी उंदीर. घरात उंदीर मरून पडला की माणसे बिऱ्हाड उचलून रानात झोपड्या बांधीत. १८९८ साली पॉल-लुई सिमाँ ह्या फ्रेंच वैद्याने कराचीत प्रयोग करून दाखविले, की उंदराच्या अंगावरील पिसू हा रोग पसरविते. प्रारंभी त्याचे कोणी फारसे ऐकले नाही. पुढे १९०५ नंतर मुंबईत झालेल्या सरकारी संशोधनाने तेच सिद्ध केले. मग वऱ्हाडात अमरावतीस असलेले लेफ्टनंट कर्नल अँड्र्यू ब्यूकॅनन ह्यांनी गावोगावच्या मांजरांकडे लक्ष वेधले. जेथे मांजरे पुष्कळ तेथे उंदीर थोडे, आणि म्हणून प्लेगही थोडा, असे प्रतिपादन त्यांनी १९०८ साली केले आणि घरोघर मांजर पाळावे असा सल्ला दिला. कालपर्यंत शिंक्याखालचा चोर ठरलेला बोका आता आरोग्यखात्याचा बिनपगारी शिपाई होऊ पाहत होता.

तो सल्ला अर्धाच खरा ठरला. मांजराच्या वासाने उंदीर बुजतात हे खरे. परंतु प्लेगची बाधा मांजरासही होते आणि आजारी मांजरापासून ती माणसास पोहोचते, हे आज सिद्ध आहे. रोग हटविण्यास स्वच्छता, पिसवांचा नाश आणि औषधे हीच साधने कामी आली. मात्र त्या भयंकर वर्षांत माणूस ज्यास शिपाई समजत होता, तो जीवही त्याच संकटात सापडलेला होता, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही. शेजार म्हटला की लाभाबरोबर धोकाही वाटून घ्यावा लागतो, आणि मांजराने तो न बोलता वाटून घेतला.

पुढे सोलापुरातील जुन्या गिरण्यांची धुराडी थंडावली, पेवे बुजली, आणि शिंक्याची जागा शीतकपाटाने घेतली. मांजराने त्याबद्दल खेद केल्याचे दिसत नाही. पूर्वी ते शिंक्याखाली बसून वर पाहत असे. आता शीतकपाटासमोर बसून दार उघडण्याची वाट पाहते. डोळे अर्धे मिटलेले, शेपूट पायांभोवती गुंडाळलेली, आणि मुद्रा अशी, की जणू घराचे भाडे तेच भरीत आहे!