पिस्तुलाचा सायलेन्सर : समज, गैरसमज आणि निवड

सायलेन्सर म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे दोन गोष्टी येतात. एक म्हणजे मोटारसायकलच्या धुराड्याला जोडलेली नळी आणि दुसरी म्हणजे चित्रपटातील खलनायक सावकाश फिरवत पिस्तुलाला बसवतो ती. पडद्यावर मग ‘फुस्स’ असा आवाज होतो, समोरचा माणूस कोसळतो आणि शेजारच्या खोलीतील कोणाला पत्ताही लागत नाही. प्रत्यक्षात असे घडत नाही. सायलेन्सर लावलेल्या नऊ मिलिमीटर पिस्तुलाचा बारही चांगला मोठा असतो. अमेरिकेत जेथे हे साधन कायदेशीररीत्या विकत मिळते, तेथे त्याला ‘सप्रेसर’, म्हणजे आवाज दाबणारे साधन, असे म्हणण्याचा प्रघात पडला आहे, तो यामुळेच. तेथे त्याची निवड कोणत्या निकषांवर केली जाते, हे पाहिले की या साधनाविषयीचे बरेच गैरसमज आपोआप दूर होतात.

मोटार आणि बंदूक

रस्त्यावरच्या आणि पडद्यावरच्या सायलेन्सरचे नाते केवळ नावापुरते नाही. हायरम पर्सी मॅक्सिम या अमेरिकी अभियंत्याला बंदुकीच्या सायलेन्सरचे पेटंट १९०९ साली मिळाले. याच माणसाने मोटारींच्या इंजिनाचा आवाज कमी करण्यासाठीही तेच तत्त्व वापरले. त्याचे वडील हायरम स्टीव्हन्स मॅक्सिम हे जगप्रसिद्ध मॅक्सिम मशीनगनचे जनक. वडिलांनी रणभूमीवरचा कल्लोळ वाढवला आणि मुलाने तो कमी करण्याचे साधन शोधले.

दुसऱ्या महायुद्धात हेरखात्यांनी या साधनाचा वापर केला. ब्रिटनचे ‘वेलरॉड’ हे पिस्तूल मुळातच सायलेन्सरसह घडवलेले होते. त्यात प्रत्येक गोळीनंतर पुढचे काडतूस हाताने चढवावे लागे. ही गैरसोय वाटली, तरी तिच्यामुळे पिस्तुलाच्या हलत्या भागांचा खडखडाट टळत असे. १ मे १९६० रोजी सोव्हिएत संघाने पाडलेल्या यू-२ विमानाचा वैमानिक फ्रान्सिस गॅरी पॉवर्स याच्याजवळही सायलेन्सर असलेले पॉइंट २२ पिस्तूल सापडले होते.

आवाज कोठून येतो?

गोळीबाराचा आवाज एकच भासला, तरी त्याचे तीन घटक असतात. पहिला आणि सर्वांत मोठा म्हणजे नळीच्या तोंडातून प्रचंड दाबाने बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंचा स्फोट. सायलेन्सर केवळ याच आवाजावर काम करतो. त्याच्या आत एकामागून एक पडदे बसवलेले असतात. गोळी मधल्या छिद्रातून निघून जाते. वायू मात्र पडद्यांमधील कप्प्यांत अडकतो, पसरतो, थंड होतो आणि मग हळूहळू बाहेर पडतो.

दुसरा घटक गोळीच्या वेगाचा. साधारण २० अंश सेल्सिअस तापमानाला हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर असतो. गोळी त्याहून वेगवान असेल, तर ती हवा चिरत जाताना चाबकासारखा कडाका उठतो. हा आवाज वाटेतल्या हवेत निर्माण होत असल्याने नळीला लावलेले कोणतेही साधन तो रोखू शकत नाही. तिसरा घटक म्हणजे स्लाइड मागे-पुढे आदळण्याचा धातूचा आवाज. तोही सायलेन्सरच्या आवाक्याबाहेरचा असतो.

पहिली बाब : काडतूस

त्यामुळे निवडीची सुरुवात सायलेन्सरपासून होत नाही, ती काडतुसापासून होते. नऊ मिलिमीटरची नेहमीची ११५ ग्रेन वजनाची गोळी सेकंदाला सुमारे ३५० मीटर वेगाने जाते, म्हणजे ध्वनीच्या किंचित पुढे. त्याच पिस्तुलातून १४७ ग्रेनची जड गोळी झाडली, तर वेग ३०० मीटरच्या आसपास राहतो आणि कडाका टळतो. पॉइंट ४५ एसीपीची २३० ग्रेनची गोळी तर मुळातच मंद, सुमारे २६० मीटर वेगाची. परंतु तिच्यासाठी सायलेन्सरचे छिद्र मोठे ठेवावे लागते आणि त्यातून वायूही अधिक निसटतो. मोठ्या छिद्राचा सायलेन्सर योग्य जोडणीने लहान काडतुसासाठी वापरता येतो, थोडा अधिक आवाज सोसावा लागतो इतकेच. उलट मात्र कधीही करू नये. पॉइंट ४५ ची गोळी नऊ मिलिमीटरच्या सायलेन्सरमधून झाडणे म्हणजे अपघाताला निमंत्रण.

दुसरी बाब : पिस्तुलाची रचना

बहुतेक आधुनिक पिस्तुलांत बार उडताच नळी आणि स्लाइड थोडे अंतर एकत्र मागे सरकतात. मग नळीची मागची बाजू खाली झुकते, स्लाइड सुटी होते, रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते आणि नवे काडतूस चढते. या नळीच्या टोकाला पाव किलोचे ओझे टांगले, तर ही साखळी बिघडते आणि पिस्तूल दर गोळीला अडकू लागते. त्यासाठी सायलेन्सरच्या मागच्या भागात स्प्रिंग आणि दट्ट्याची एक योजना असते. तिला बूस्टर किंवा नीलसन यंत्रणा म्हणतात. तिच्यामुळे नळीला क्षणभर सायलेन्सरच्या ओझ्यापासून मोकळीक मिळते.

पॉइंट २२ च्या बहुतेक पिस्तुलांत नळी स्थिर असते. तेथे बूस्टरची गरज नसते. मोठ्या काडतुसाच्या स्थिर नळीवर तो बसवल्यास यंत्रणेची मोडतोड होऊ शकते. म्हणून एकच सायलेन्सर दोन प्रकारच्या शस्त्रांवर वापरायचा असेल, तर बूस्टर काढून त्याजागी घट्ट कडे बसवण्याची सोय आहे की नाही, हे आधी पाहावे लागते.

तिसरी बाब : आटे आणि सरळपणा

सायलेन्सर नळीवर स्क्रूसारखा फिरवून बसतो. त्यासाठी नळी नेहमीपेक्षा लांब आणि टोकाला आटे पाडलेली असावी लागते. अमेरिकी नऊ मिलिमीटर नळ्यांवर बहुधा अर्धा इंच व्यासाचे, इंचाला २८ असे आटे असतात. अनेक युरोपीय नळ्यांवर ते साडेतेरा मिलिमीटरचे आणि उलट्या दिशेचे, म्हणजे डावे असतात. दोन्ही वरवर सारखे दिसतात, पण जुळत नाहीत. आटे किंचित तिरके असले, तरी गोळी आतल्या पडद्याला घासते आणि सायलेन्सर फाटतो. त्यामुळे पहिली गोळी झाडण्यापूर्वी जाणकाराकडून सरळपणा तपासून घेणे, ही चैन नसून आवश्यकता आहे.

चौथी बाब : लांबी, धातू, देखभाल

आतली जागा जितकी जास्त, तितका आवाज कमी. परंतु लांब सायलेन्सरमुळे पिस्तूल पुढे जड होते आणि हात लवकर थकतो. नळीहून जाड असल्याने तो पिस्तुलावरील नेमाच्या खुणाही झाकतो, म्हणून उंच खुणा बसवाव्या लागतात. ॲल्युमिनियम हलके पण नाजूक, पोलाद टिकाऊ पण जड आणि टायटॅनियम दोन्हींच्या मधले पण महाग. पॉइंट २२ च्या काडतुसातील उघड्या शिशाची पुटे आत झपाट्याने साचतात. म्हणून त्यासाठीचा सायलेन्सर सुटा करून स्वच्छ करता येणारा असावा, असे जाणकार सांगतात.

जाहिरातीतील आकड्यांकडे सावधपणे पाहावे. मोजमाप सहसा नळीच्या तोंडापासून एक मीटर बाजूला केले जाते. झाडणाऱ्याच्या कानाजवळचा आकडा वेगळा असू शकतो, कारण वायूचा काही भाग स्लाइडच्या फटीतून मागेही येतो. शिवाय पहिल्या गोळीच्या वेळी आत प्राणवायू असल्याने ती पुढच्या गोळ्यांपेक्षा मोठ्याने वाजते. निव्वळ सरासरी दिली, तर हा फरक झाकला जातो.

खरा लाभ कानांना

नऊ मिलिमीटर पिस्तुलाचा बार सुमारे १६० डेसिबलचा असतो. चांगल्या सायलेन्सरने तो साधारण १२५ ते १३५ वर येतो. तुलनेसाठी आपल्याकडच्या फटाक्यांचा नियम पाहावा. स्फोटाच्या जागेपासून चार मीटरवर ज्याच्या आवाजाचे शिखर १४५ डेसिबलच्या वर जाते, त्या फटाक्यावर बंदी आहे. अंतर वेगळे असल्याने ही तुलना काटेकोर नाही. तरीही सायलेन्सरमधून निघालेला बार म्हणजे कुजबुज नव्हे, हे त्यावरून कळते.

अचानक होणाऱ्या आवाजासाठी १४० डेसिबल ही धोक्याची रेषा मानली जाते. ती ओलांडणारा एकच बार कानाच्या आतील केशपेशी कायमच्या मारू शकतो. या पेशी माणसात पुन्हा उगवत नाहीत. ऐकू कमी येणे, कानात सतत गुणगुण होणे हे मग आयुष्यभराचे दुखणे होते. सायलेन्सरचा प्रामाणिक उपयोग आवाज या रेषेखाली आणण्याचा आहे. तरीही सरावाच्या वेळी कानांवरचे संरक्षण काढू नये.

कायद्याची चौकट

अमेरिकेने १९३४ च्या राष्ट्रीय अग्निशस्त्र कायद्याने सायलेन्सरवर २०० डॉलर कर लावला. तेव्हा ही रक्कम खुद्द सायलेन्सरच्या किमतीच्या कितीतरी पट होती. २०२५ मध्ये झालेल्या कायद्याने १ जानेवारी २०२६ पासून हा कर शून्यावर आणला. मात्र नोंदणी, बोटांचे ठसे, छायाचित्र आणि पूर्वचारित्र्याची तपासणी यांतून सुटका झालेली नाही. आठ राज्यांत तर सामान्य नागरिकाला सायलेन्सर बाळगण्यास मनाईच आहे. मराठी कुटुंबांची मोठी वस्ती असलेली न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क आणि इलिनॉय ही राज्ये त्या आठांत मोडतात. टेक्सासमध्ये रीतसर घेतलेली वस्तू बदलीनंतर न्यू जर्सीला नेणे हा त्यामुळे गुन्हा ठरतो.

तेथे नोकरीसाठी गेलेल्या तरुणांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार सायलेन्सर हे स्वतःच ‘अग्निशस्त्र’ आहे. एच-१बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या व्यक्तीला, शिकारीच्या परवान्यासारखे काही अपवाद वगळता, अग्निशस्त्र बाळगता येत नाही. मित्रासोबत हौसेने केलेली खरेदीही व्हिसावर बेतू शकते.

भारतात स्थिती अधिक स्पष्ट आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यातील अग्निशस्त्राच्या व्याख्येतच आवाज किंवा ज्वाला कमी करणाऱ्या उपकरणांचा समावेश आहे. म्हणजे पिस्तूल सोबत नसले, तरी परवान्याविना नुसता सायलेन्सर बाळगणे अथवा परदेशातून सामानात आणणे हा गुन्हा आहे. अमेरिकेतील दुकानात तो काचेच्या कपाटात मांडलेला दिसतो, एवढ्यावरून त्याला कॅमेऱ्याच्या भिंगासारखी सुटी वस्तू समजू नये. कायद्याच्या नजरेत ते शस्त्रच आहे.