विजयदुर्गाचा पाठभेद

खांबहून मुंबई-गोवा महामार्गाने दक्षिणेस जावे आणि तळेऱ्याला उजवीकडे वळावे, म्हणजे रस्ता विजयदुर्गास पोहोचतो. किल्ल्यातील ‘साहेबाचे कट्टे’ दाखवून तेथे सांगितले जाते, की नॉर्मन लॉकयर यांनी १८६८ साली याच जागी हेलियमचा शोध लावला. ही कथा आम्हीही वर्गात अभिमानाने सांगत आलो. पुढे ती तपासावीशी वाटली, आणि हाती पाठभेद आला.

१८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाची छाया भारतावरून गेली. त्या दिवशी फ्रेंच ज्योतिर्विद जान्सेन गुंटूरला होते. लेफ्टनंट जॉन हर्शेल पटवर्धनांच्या जमखंडीत वर्णपटदर्शक लावून बसले होते. लॉकयर मात्र इंग्लंडातच होते. ऑक्टोबरात तेथूनच, ग्रहणावाचून, त्यांनी सूर्याच्या कडेवरील ज्वालांचा वर्णपट पाहिला. सोडियमच्या जोडरेषांशेजारची एक पिवळी रेषा कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी जुळत नव्हती. त्या अज्ञात द्रव्यास सूर्याच्या ग्रीक नावावरून ‘हेलियम’ म्हटले गेले. १८९५ मध्ये रॅम्झी यांना तो पृथ्वीवरील खनिजातही सापडला. लॉकयर विजयदुर्गास आले ते त्यानंतर, २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. तीस वर्षांच्या अंतराची दोन ग्रहणे लोकस्मृतीने एकात मिसळली.

मग विजयदुर्गाचे महत्त्व संपले काय? आम्हांस तसे वाटत नाही. त्या कट्ट्यांचे खरे नाते एका शोधापेक्षा एका वाचनपद्धतीशी आहे, आणि ती पद्धती आज सूर्यमालेबाहेर पोहोचली आहे.

ग्रहणात चंद्र सूर्यबिंब झाकतो, म्हणून एरवी झगमगाटात हरवणारी कड वाचता येते. दूरचा ग्रह आपल्या ताऱ्यासमोरून जातो तेव्हा तो ताऱ्याचा अल्पसा भाग झाकतो. त्याच वेळी ताऱ्याचा थोडा प्रकाश ग्रहाच्या वातावरणाच्या पातळ कड्यातून गाळून आपल्यापर्यंत येतो. प्रत्येक वायू आपापल्या ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश शोषतो. काय गळाले, यावरून तेथे काय आहे हे कळते. हस्तलिखितातील गाळलेल्या अक्षरांवरून मूळ पाठ शोधणाऱ्यास ही रीत परकी वाटू नये.

२००२ मध्ये महाश्व तारकासमूहातील एका ताऱ्याच्या ग्रहावर याच रीतीने सोडियम आढळल्याचे प्रसिद्ध झाले. सौरमालेबाहेरील ग्रहाच्या वातावरणाचा तो पहिला वेध. पुढे २०१८ मध्ये, म्हणजे त्या ग्रहणानंतर बरोबर दीडशे वर्षांनी, कन्या राशीतील सुमारे २०० प्रकाशवर्षे दूरच्या वास्प-१०७बी या ग्रहावर हबल दुर्बिणीच्या साह्याने हेलियम सापडला. या वेळी रेषा पिवळी नव्हती, अवरक्त होती. आणि ग्रहाचे वातावरण अवकाशात झिरपत असल्याचे तिने सांगितले. २०२२ मध्ये वेब दुर्बिणीने वास्प-३९बीवरील कार्बन डायऑक्साइडचा निर्विवाद पुरावा दिला.

एकनाथांनी ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला, त्यामुळे ग्रंथाची थोरवी उणावली नाही. विजयदुर्गाच्या कथेतील सालही आपण दुरुस्त करावे. १८६८ च्या ग्रहणाशी मराठी मुलखाचे नाते सांगायचेच असेल, तर जमखंडीचे नाव घ्यावे. विजयदुर्गास त्याचे १८९८ परत द्यावे. ताऱ्याच्या प्रकाशातील एका रेषेची जागा चुकू नये म्हणून जे शास्त्र इतके जपते, त्याच्या इतिहासात तीस वर्षांची चूक आपण वर्गात पुढच्या पिढीस देणे बरे नव्हे.