शीवेपर्यंत सायकल

भाड्याची सायकल घेऊन दादरहून शीवेला जाणे ही आमच्या तरुणपणची चैन. किल्ल्याच्या टेकडीवर चढावे आणि मिठागरांवरचा वारा खावा! शीव म्हणजे हद्द. हा किल्ला जेराल्ड आंजियरच्या अमदानीत, १६६९ ते १६७७ च्या दरम्यान इंग्रजांनी बांधला. पलीकडची साष्टी तेव्हा पोर्तुगीजांची. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला डंकनचा बांध पुरा झाला आणि मुंबईकर कोरड्या पायांनी साष्टीत जाऊ लागला.

आमचे खरे तीर्थ मात्र कोळीवाडा. १९४७ च्या फाळणीनंतर पंजाबी निर्वासितांना येथे आसरा मिळाला. घरदार गमावलेल्या या माणसांनी चुलीवर कढया चढवल्या. बेसन, ओवा, तिखट लावून तळलेली त्यांची मासळी अन् कोळंबी 'कोळीवाडा' या नावाने गाजली. आता सांगा, कोळणीच्या घरी कोळंबीला ओवा-बेसन कुठले? तिची कोळंबी कालवणात पडायची! नाव कोळ्यांचे, हात पंजाब्यांचा. रागवावे कोणावर? पोटासाठी पेटवलेली चूल ती.

हार्बरच्या गाडीतून पाहिले, तर स्टेशनाच्या पाटीवर आता कोळीवाडा नाही, गुरू तेगबहादूर नगर आहे. दूरदेशीच्या हॉटेलातल्या खाद्यपत्रिकेवर मात्र कोळीवाडा सापडतो.